मोरी बुजवणारे जंतू

तमाम नागरिकांस, आणि विशेषतः बेगडेवाडी व उर्से येथील ग्रामस्थांस, या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपापल्या गावचे गटार हे यापुढे नुसते गटार राहिलेले नसून वैद्यकशास्त्राच्या सेवेत रुजू झालेले आहे. सबब त्याच्याकडे पाहून कोणीही नाक मुरडू नये. त्याच्या काठी एखादी चष्मेवाली, केसांत पांढरं डोकावू लागलेली बाई दोरीला बाटली बांधून ओणवी झालेली दिसल्यास पोलिसांना फोन करू नये. ती बाई सरकारमान्य पदवीधर आहे. ती मी आहे.

पेशाने मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. हा शब्द मी पुरा उच्चारेपर्यंत समोरच्याला जांभई येते, म्हणून ओळखीपाळखीत मी ‘लॅबवाली बाई’. तळेगावच्या आसपासच्या एका रुग्णालयात माझी नोकरी. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच डबा खायचा आहे. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी आणि पू माझ्याकडे येतो. त्यातले जंतू मी पुरीएवढ्या ताटलीवर वाढवते, त्यांच्यावर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बघते. टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडलं, तर ते औषध लागू. जंतू टिकलीला खेटून मजेत वाढले, तर लागू नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या ताटल्या रिंगणांनी भरलेल्या असायच्या. अलीकडे कित्येक ताटल्यांवर जंतू टिकल्यांवर डोकं ठेवून झोपलेले दिसतात.

अशा जंतूंसाठी आम्ही फाज शोधायला लागलो. फाज म्हणजे जंतूंना होणारा आजार. तुम्हाआम्हाला जसा सर्दीचा विषाणू गाठतो, तसा जंतूंनाही गाठणारा विषाणू असतो. तो जंतूच्या अंगावर बसतो, आपला धागा आत सोडतो, आत त्याची पिलावळ वाढते आणि जंतू फुटतो. गंमत म्हणजे एका जातीचा फाज एकाच जातीच्या जंतूवर जातो. शेजारच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माणसाच्या पेशी तर त्याच्या गावीही नसतात. असा एकनिष्ठ प्राणी सापडतो कुठे? जिथे जंतूंचा सुकाळ तिथे. म्हणजे गटारात.

उर्सेच्या टोलनाक्याजवळ खाण्याच्या टपऱ्यांमागे एक नाला आहे. तिथे मी बाटली सोडली आणि मागे आवाज आला, “ताई, काय पडलं?”

“काही नाही, पाणी काढतेय.”

“मंगळसूत्र हाय का?” टपरीवाल्याने आपल्या भावाला हाक मारली. “ए, हितं ये रं, बाईंचं मंगळसूत्र गेलंय.”

मी सांगतेय, पाणी हवंय, नाल्याचंच हवंय. तोवर तिघेजण काठ्या घेऊन नाल्यात ढवळायलाही लागले होते. एक ट्रकवाला वरून सूचना करत होता. शेवटी मी गळ्यातलं मंगळसूत्र बाहेर काढून दाखवलं, तेव्हा मंडळी निराश झाली. “मंग पान्याचं काय करनार?” टपरीवाल्याने विचारलं. औषध करणार म्हणून सांगितलं. तो भावाला म्हणाला, “जाऊ दे. बाईंना च्या दे.” मात्र इतक्या ढवळाढवळीमुळे तळाचा गाळ वर आला आणि तो नमुना आमच्या आयुष्यातला सर्वात श्रीमंत नमुना ठरला, हे त्या तिघांना मी आज जाहीरपणे सांगते.

अर्थात ते पाणी तसंच कुणाला देत नाहीत. ते इतक्या बारीक गाळणीतून जातं की जंतू वर अडकतात आणि फक्त फाज खाली उतरतात. मग त्यातला आपल्याला हवा तो वेगळा काढायचा, वाढवायचा, पुन्हा पुन्हा धुऊन शुद्ध करायचा. रुग्णालयाच्या समितीची परवानगी, रुग्णाची संमती, सगळं झाल्यावरच तो जखमेवर जातो.

आता आमच्या धंद्यातला एक रिवाज. फाज जिथे सापडला त्या जागेचं नाव त्याला द्यायचं. म्हणून आमच्या फ्रिजमध्ये बाटल्यांवर गावांची नावं आहेत. ‘बेगडेवाडी’ थंड ठेवा, ‘उर्से’ संपत आलंय, असं आम्ही सहज बोलतो. या रिवाजाने जो घोटाळा केला तो हौसामावशींच्या वेळी.

हौसामावशी भाज्याच्या. लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, चढाच्या मध्यावर त्यांचं छपराचं छोटं हॉटेल. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. साखरेचा आजार जुना, त्यामुळे पायांची जाणीव कमी झालेली. एका ऐतवारी गिऱ्हाइकांच्या गर्दीत डाव्या चपलेत खडा शिरला आणि तो दिवसभर आत राहिला. त्यांना कळलाच नाही. संध्याकाळी चपलेत रक्त दिसलं. पुढे ती जखम चिघळली, तिच्यातून हिरवट पू यायला लागला आणि द्राक्षं सडल्यासारखा गोडूस वास. तो वास आला की मला ताटलीची गरज नसते. सुडोमोनास नावाचा जंतू. माझ्या ताटलीवर त्याने एकूण एक टिकली झिडकारली.

आमचे सर्जन स्वभावाने फार मऊ आहेत, हातात सुरी असतानाही. त्यांनी खाटेजवळ बसून मावशींना सांगितलं की विष वर चढतंय, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर जिवावर बेतेल.

मावशी पायाकडे बघत म्हणाल्या, “डाक्टर, माजं हाटेल चढावं हाय. घर बी चढावं हाय. आमच्यात दाराभायेर पाऊल टाकलं की चढच. ह्यो पाय गेला तर मी भाज्यात ऱ्हाऊ कुटं?”

सर्जन उठले. ते माझ्याकडे आले. “मॅडम, तुमच्या फ्रिजमध्ये काही आहे का बघा. थोडी सवड आहे, फार नाही.”

फ्रिजमध्ये बेगडेवाडी होती. मावशींच्या जंतूंवर तिचा एक थेंब टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी ताटली खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ. मी संमती घ्यायला गेले. आमच्याकडे खोटं चालत नाही, औषध कुठून आलं ते सांगावंच लागतं.

“बेगडेवाडी?” मावशींचा चेहरा पडला. मला वाटलं गटाराचं नाव ऐकून. तसं नव्हतं. “तितं माजी नणंद दिलीया. जल्मात माज्या कामाला आली न्हाई. आता तिच्या गावचं पानी पायावर घेऊ व्हय? आमच्या भाज्याचं न्हाई का काय?”

मी भाज्याच्या ओढ्याचं पाणीही आणलं. त्यात मावशींच्या जंतूला खाणारा एकही सापडला नाही. पाणी फार स्वच्छ निघालं. गावाचा ओढा स्वच्छ असल्यामुळे नापास झाल्याची बातमी मी मावशींना हलक्या आवाजात दिली.

“तुमी बुदवारी घेतलं आसंल,” त्या म्हणाल्या. “शनवार-ऐतवार हून द्या. पाव्हनं येऊन गेल्यावर घ्या, मंग बगा.”

तेवढी सवड नव्हती. नाइलाजाने बेगडेवाडीला होकार मिळाला. आणि काय सांगू, आठवडाभरात वास गेला, पू आटला, कडेने गुलाबी मांस दिसायला लागलं. मी रुग्णालयात अशी चालत होते की जणू ते मांस माझ्याच अंगावर वाढत होतं. मग एका सकाळी ड्रेसिंग उघडलं आणि तो गोड वास परत आला. माझ्या ताटलीवरही त्या काचेसारख्या स्वच्छ जागेत बारीक बारीक ठिपके उठले होते. वाचलेले जंतू.

मावशींना सांगितलं, तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. “म्या म्हनलं न्हवतं? पयलं ग्वाड बोलनार, मंग पाट फिरवनार.” (बेगडेवाडीकरांनी रागावू नये. नणंदेची बाजू मी ऐकलेली नाही.)

आता हे ठिपके आले कुठून, ते सांगते. लोणावळ्यात ज्यांचे बंगले आहेत त्यांना चटकन कळेल. समजा, एका माकडाला एकाच प्रकारची कडी उघडता येते. ज्या बंगल्याच्या खिडकीला ती कडी आहे, तिथे ते आत शिरून सगळं उद्ध्वस्त करतं. पण हजारो बंगल्यांत एखादा असतो, जिथे सुताराच्या चुकीने खिडकी खिळ्यांनी कायमची बंद झाली आणि कडी बसवायचीच राहून गेली. माकड त्याला हातही लावू शकत नाही. बाकी सगळे बंगले उजाड झाल्यावर टेकडीवर राज्य कुणाचं? त्या चुकलेल्या बंगल्याचं. तो काही शिकला नाही, त्याने काही डावपेच केले नाहीत. त्याच्या बांधकामात खोट होती आणि नेमकी तीच त्याच्या कामी आली. जंतूंचंही तसंच. कोट्यवधींत दोन-चार बिघडलेले निपजतात. फाज ज्या मुठीला धरून अंगावर चढतो ती मूठच त्यांना नसते. चांगले धडधाकट जंतू मरतात, बिघडलेले उरतात आणि वाढतात.

शिवाय इतरही कलाकार असतात. काही जंतू अंगाभोवती चिकट गिलावा चढवतात, म्हणजे खिडकीला जाळीच. काहींच्या आत कात्री असते. फाजने सोडलेला परका धागा दिसला की कचाकच कापायची. काही तर त्या कापलेल्या धाग्याचा तुकडा जपून ठेवतात, वॉचमनच्या खोलीत चोराचा फोटो लावावा तसा, म्हणजे तोच पुन्हा आला तर ओळखता येईल. आणि काही इतके कट्टर की माकड आत शिरलं हे कळताच स्वतःचाच बंगला पेटवून देतात, माकडासकट, म्हणजे शेजारपाजार वाचावा. ज्या प्राण्याला मेंदू नाही, त्याने हे सगळं करून ठेवलंय. आमच्या सोसायटीच्या बैठकीत पार्किंगचासुद्धा निर्णय होत नाही.

बेगडेवाडी हरली, तेव्हा उर्सेला काढायचं ठरलं. ठिपक्यांवर उर्से चाललं. आणि इथे घोटाळा झाला. मावशींचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, भाज्याहून रोज भाकरी घेऊन यायचे. त्या दिवशी त्यांनी वॉर्डात फोन केला तेव्हा सिस्टर घाईत होत्या. “मावशींना उद्या सकाळी उर्से,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी औषध घालायची वेळ झाली तरी आबांचा पत्ता नाही. मावशी हट्टाला पेटल्या की ते आल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही. एवढ्यात माझा मोबाइल वाजला.

“ताई, म्या टोलनाक्यापाशी हुबा हाय. सकाळधरनं. दवाखाना कुटं हाय हितं? कुनालाच ठावं न्हाई.”

“आबा, तुम्ही उर्सेला कशाला गेलात?”

“हिला हितं हालवलंय न्हवं? सिस्टर म्हनल्या. मी हिची कापडं, गोधडी, समदं घेऊन आलोय.”

मी त्यांना समजावलं की उर्से हे औषधाचं नाव आहे.  मग म्हणाले, “आन् म्या हितल्या पोरांना सांगितलं, माज्या मंडळीला तुमच्या गावात आनलंय, तर त्यांनी मला च्या पाजला.” ते गोधडीसह परतल्यावरच उर्सेचा पहिला थेंब मावशींच्या पायावर पडला.

उर्से बेगडेवाडीपेक्षा संथ होतं, पण चिवट. जखम पुन्हा आक्रसली. यावेळी मी रुग्णालयात मिरवत चालले नाही, नेहमीसारखीच चालले. अनुभवाने माणूस शहाणा होतो असं म्हणतात. आणि बरंच झालं, कारण काही दिवसांनी पुन्हा तेच. ताटलीवर ठिपके.

सर्जन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “मॅडम, तुमचं उर्सेही झोपलं.”

“झोपलं नाही सर. त्याला दार बंद मिळालंय.”

“पेशंटला फरक काय? ताप वर जातोय. मी परवाचं थिएटर घेतलंय. गुडघ्याखाली.”

त्यांचं चुकत नव्हतं. जीव आणि पाय यांत काय निवडायचं हा प्रश्न त्यांच्या गळ्यात होता, माझ्या नव्हे. माझ्या हातात होती ती फक्त ठिपक्यांची ताटली. तेव्हा मी त्या ठिपक्यांतले जंतू उचलले आणि त्यांच्यावर सगळ्या जुन्या औषधांच्या टिकल्या पुन्हा मांडल्या. तीच औषधं, जी पहिल्या दिवशी साफ पडली होती. पुस्तकात वाचलेलं एक वाक्य डोक्यात होतं, की फाजपासून वाचताना जंतूला कधी कधी काहीतरी गमवावं लागतं. बहुतेक वेळा काहीच गमवावं लागत नाही, हेही त्याच पुस्तकात होतं.

सकाळी ताटली उघडली. एका साध्या, जुन्या इंजेक्शनच्या टिकलीभोवती सुरेख, गोल, स्वच्छ रिंगण पडलं होतं. कित्येक वर्षांत सुडोमोनासच्या ताटलीवर मी असं रिंगण पाहिलं नव्हतं. मी ती ताटली घेऊन जवळजवळ धावतच सर्जनांच्या खोलीत गेले.

“हे दुसऱ्या कुणाच्या नमुन्यावरचं आहे,” ते म्हणाले.

“मावशींच्याच नमुन्यावरचं आहे सर. तुम्ही जुन्या घरातली मोरी पाहिली आहे ना?”

“पाहिलीये. पुढे?”

पुढे असं. जुन्या घरात आंघोळीची मोरी असते, पाणी बाहेर जायला तिला भोक असतं. या जंतूलाही तशी मोरी असते. आपण आत औषध सोडलं की तो ते मोरीतून बाहेर उपसतो, म्हणून त्याला औषध लागत नाही. पण मोरीच्या भोकातून घूस घरात येते, आणि उर्से ही नेमकी त्या वाटेने येणारी घूस होती. ज्या जंतूंची मोरी धड होती, त्यांना तिने खाल्लं. ज्यांची मोरी जन्मतः बुजलेली होती, ते वाचले. आता त्यांच्या घरात घूस येत नाही, हे खरं. पण औषध सोडलं की ते उपसणार कुठून? आतच तुंबतं. पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने पुढे तपासून हेच सांगितलं; त्या सकाळी मात्र माझ्याकडे पुरावा म्हणून एक रिंगण आणि एक घूस एवढंच होतं.

“म्हणजे इंजेक्शन द्यायचं, आणि उर्से बंद करायचं?” सर्जनांनी विचारलं.

“उर्से चालूच ठेवायचं. मोरी उघडली तर घूस, बुजवली तर औषध. दोन्हीकडून.”

त्यांनी ताटली उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि मग थिएटरला फोन करून ठरलेली वेळ पुढे ढकलली. रद्द केली नाही, पुढे ढकलली. ते सर्जन आहेत.

मावशींचा ताप उतरला. काळी पडलेली दोन बोटं काढावी लागली, पण पाऊल राहिलं, टाच राहिली, घोटा राहिला. विजय कुणाचा म्हणायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं पहिलं औषध हरलं, दुसरंही हरलं. पण दुसरं ज्या रीतीने हरलं, ती रीत उपयोगाची निघाली. जंतूंनी आपल्या परीने उत्तम केलं होतं. त्यांना मोरीमागे इंजेक्शन उभं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

हे वाचून कुणी आपल्या काकांचा पाय घेऊन माझ्याकडे यायला निघेल, म्हणून कामशेतच्या एका रिक्षावाल्यांविषयीही सांगितलं पाहिजे. त्यांच्या जखमेतल्या जंतूंनी मोरी बुजवली नाही, गिलावा चढवला. त्या गिलाव्याची त्यांना काहीच किंमत मोजावी लागली नाही. उर्से, बेगडेवाडी, बाकी सगळी गावं त्याच्यावर आपटून परत आली आणि मी टिकल्या मांडत राहिले, रिंगण एकही पडलं नाही. त्यांचा पाय गेला. ते आता हाताने चालवायची तीनचाकी घेऊन स्टेशनबाहेर बसतात. मी दिसले की हात हलवतात. मीही हलवते. 

मावशी काही महिन्यांनी तपासणीला आल्या. त्या दिवशी मुंबई-पुण्याहून डॉक्टर मंडळी हे प्रकरण बघायला येणार होती आणि सर्जनांनी मावशींना आवर्जून बोलावलं होतं. मावशी नव्या जांभळ्या नऊवारीत, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आबांच्या हाताला धरून पण स्वतःच्या पायांनी जिना चढून वर आल्या. आबांनी इस्त्रीची टोपी घातली होती. मावशींना खुर्चीत बसवलं, डावा पाय स्टुलावर घेतला आणि सर्जनांनी मोठ्या कौतुकाने सगळा इतिहास सांगितला. मीही मोरीचं माझं भाषण केलं, हातवाऱ्यांसकट. घुशीच्या जागी मी थोडी वाकलेसुद्धा.

मग सगळे पायाभोवती जमले. भराभर मोबाइल निघाले. वरून एक, बाजूने एक. “मावशी, थोडं डावीकडे.” तळव्याचा फोटो, टाचेचा फोटो, गेलेल्या बोटांच्या जागेचा अगदी जवळून फोटो. एक तरुण डॉक्टर तर जमिनीवर उताणाच झाला. “पदर जरा बाजूला घेता का, मध्ये येतोय,” कुणीतरी म्हणालं. मावशींनी पदर बाजूला घेतला. नथ सारखी केली, मान ताठ केली, हसून समोर बघत बसल्या. सगळी डोकी खालीच होती. पहिल्या दिवसापासून आमच्याकडे त्या पायाचे ढिगाने फोटो आहेत, प्रत्येक ड्रेसिंगचे, प्रत्येक कोनातून. आणि मी त्या क्षणी मनातल्या मनात ते सगळे चाळत होते. तेवढ्यात मावशी, इतका वेळ धरून ठेवलेलं हसू सोडून, मोठ्यांदा बोलून गेल्या:

“अवो, पायाचं झालं आसंल तर येक माजाबी काडा. त्या पायाच्या वर मीबी हाय की.”